बासष्टपैकी बासष्ट

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि बसायलाही नको. मी स्वतः तिथं नसतो तर माझाही बसला नसता. पण बासष्टपैकी बासष्ट पोरं मी दुसऱ्यांदा गाठली होती. तीन दिवसांत. पायी."

"पायी," कुमुद म्हणाली. कुमुद म्हणजे माझी बायको. ती जमिनीवर, सूप पुढ्यात घेऊन चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. "मागच्या खेपेला सायकल होती."

"सायकल पहिल्याच दिवशी पंक्चर झाली."

"बरं."

शलाकानं डोळ्यांवरचा हात काढला नाही. पुण्याहून सकाळच्या एस.टी.नं ती बार्शीला आली होती आणि आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर चपलांसकट आडवी झाली होती. ही माझ्या धाकट्या बहिणीची नात. शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. करते. म्हणजे परवापर्यंत करत होती. आल्या आल्या तिनं बॅगेतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला होता. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. मजकूर दोनच ओळींचा, खाली सहीची जागा मोकळी.

"सोमवारी देऊन टाकणार," ती म्हणाली होती. "आजोबा, मी दमलेय."

तिचं दुखणं थोडक्यात असं. खेड्यातल्या तीन शाळांमधली सहावीची अडुसष्ट मुलं तिनं घेतली. त्यांची वाचनाची चाचणी घेतली. मग सहा महिने दर आठवड्याला जाऊन त्यांच्याकडून गोष्टी वाचून घेतल्या, त्यांवर बोलून घेतलं. आणि आता पुन्हा त्याच मुलांची तीच चाचणी घ्यायची, म्हणजे फरक पडला की नाही ते कळतं. तर दुसऱ्या चाचणीला मुलं हजर किती? एक्केचाळीस. कुणाचे आईबाप नाशिककडं द्राक्षांच्या बागांवर गेलेले, कुणी मामाच्या गावी, आणि दोन मुलींच्या बाबतीत शाळेनं नुसतं "येत नाहीत" एवढंच सांगितलं.

"सर म्हणाले, अडुसष्टातली सत्तावीस मुलं गळाली, याला कोण संशोधन म्हणेल? मुलं शोध, नाहीतर नव्या मुलांपासून सुरुवात कर." तिनं कूस बदलली. "आणि म्हणाले, बाकीच्यांचे आकडे कसे बरोबर पुरे भरतात? तुझेच कसे भरत नाहीत?"

सत्तावीस हा आकडा ऐकला आणि मी खुर्चीत ताठ झालो. गुडघे कुरकुरले, पण झालो.

"माझीही सत्तावीसच होती गं!"

"आजोबा, प्लीज. आज नको."

"आज नको तर कधी? तू सही करून मोकळी झालीस की ही गोष्ट मी सांगू कुणाला? हिला तर पाठ आहे."

"सांगा, सांगा," कुमुद म्हणाली. शेंग फुटल्याचा आवाज झाला. "यंदा पोपट किती आहेत तेवढं बघू."

मग मी सांगायला घेतलं.

एकोणऐंशी साल. मी छत्तीस वर्षांचा. बार्शीच्या शाळेत मास्तर होतो आणि एक वर्षाची रजा काढून सोलापूरला एम.एड. करत होतो. पहाटे उठायचं, सहाची एस.टी. धरायची, दोन तास उभ्यानं सोलापूर, दिवसभर आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बाकावर बसून सांख्यिकी शिकायची, आणि पुन्हा दोन तास उभ्यानं घरी. झोपेत मला मध्यमान आणि प्रमाण विचलन दिसायचं. त्या वर्षी मी जितका दमलो तितका पुढं कधी दमलो नाही. एक्याऐंशी पुरी झाली तरी त्या दमण्याला तोड नाही.

प्रबंधासाठी मी तर्कशक्तीची एक चाचणी तयार केली होती. चाळीस प्रश्न. उत्तर एका ओळीत, शिसपेन्सिलीनं लिहायचं. आता चाचणी भरवशाची आहे हे दाखवायचं कसं? तर तीच चाचणी त्याच मुलांना तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायची. वाण्याचा काटा आज एक किलो दाखवतो आणि उद्या त्याच पिशवीला सव्वा किलो, तर तो काटा काय कामाचा? तसंच हे. पोरगं तेच, प्रश्न तेच, तर मार्क साधारण तेच यायला पाहिजेत.

"मला माहितेय, आजोबा."

"तुला माहितेय. हिला नको का कळायला?"

"मला पंचेचाळीस वर्षं माहितेय," कुमुद म्हणाली.

कुरणवाडी हे गाव मी निवडलं, कारण ते बार्शी-सोलापूर रस्त्यापासून आत दोन मैलांवर होतं आणि जाता-येता उतरता यायचं. तिथल्या शाळेत सहावी-सातवी मिळून बासष्ट पोरं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पहिली चाचणी घेतली. सगळी हजर. चाळीसपैकी अडतीस मार्क मिळवणारी एक मुलगी निघाली, कौसल्या लेंगरे नावाची. आमच्या मार्गदर्शक डॉ. हर्डीकरबाई, चष्म्यावरून बघायची सवय. त्यांनी गठ्ठा चाळला, म्हणाल्या, "छान, उपळेकर. आता तीन आठवड्यांनी हीच बासष्ट. आणि प्रबंध एकतीस मार्चला आत. चुकला तर पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष माझ्यापाशी नव्हतं. आमच्या मुख्याध्यापकांनी रजा देतानाच बजावलं होतं, "एकदाच देतोय. पदवी घेऊन या, नाहीतर पुन्हा हे खूळ काढू नका."

डिसेंबर संपता संपता मी पुन्हा कुरणवाडीला उतरलो. वर्गात पाऊल टाकलं, बघतो तर निम्मे बाक मोकळे. पस्तीस पोरं. शाळेचे हेडमास्तर भोसेकर गुरुजी दारात उभे राहून तंबाखू मळत होते.

"गुरुजी, बाकीची?"

"ज्वारी दुधात आलीय न्हवं," गुरुजी म्हणाले. "पाखरं बसायला लागली. पोरं राखणीला गेली."

"कधी येतील?"

"कणीस वाळल्यावर. म्हणजे फेब्रुवारीत. न्हाईतर काढणी आली की मग मार्चातच धरा."

"मला आजच पाहिजेत हो."

"मग पाखरांना सांगा," गुरुजी म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

इथं शलाका हसली. थोडंसंच, पण हसली. हात डोळ्यांवरून खाली आला.

"मग काय केलंत?"

"काय करणार? पस्तीस पोरांची चाचणी घेतली, बाकीचे सत्तावीस कागद पिशवीत टाकले, पेन्सिली घेतल्या आणि निघालो शेतात. तुला कुरणवाडीची ज्वारी ठाऊक नाही. उंटावर बसलेला माणूस त्यात दिसायचा नाही."

"उंट," कुमुद म्हणाली. "नवीन आहे."

पहिलं पोरगं गाठलं ते महादू गवसाने. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला माळा, आणि त्यावर महादू गोफण गरगर फिरवतोय. मी खालून ओरडलो, "महादू, चाचणी!" तो वरून ओरडला, "सर, पाखरं!" मी म्हटलं, तू लिही, पाखरं मी बघतो. वर चढलो. त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि गोफण मी घेतली. जन्मात गोफण धरली नव्हती. पहिला दगड मागं गेला. दुसरा सरळ वर गेला आणि आम्ही दोघं तो खाली कधी येतोय म्हणून वर बघत बसलो. तिसरा गेला तो थेट बांधावरून चाललेल्या तलाठ्याच्या सायकलच्या घंटीवर. टण्ण! तलाठी इतका चमकला की घंटी वाजवणाऱ्याला वाट द्यायला स्वतःच बांधाच्या कडेला झाला.

शलाका उठून बसली होती. चपला काढून तिनं पाय वर घेतले.

"आणि पोपट?"

"पोपटांचं सांगतो. महादू प्रश्न मोठ्यांदा वाचायचा. चौदावा प्रश्न होता, 'रामा शामापेक्षा उंच आहे, शामा गणूपेक्षा उंच आहे, तर सर्वांत ठेंगणा कोण?' महादू विचार करतोय, करतोय. आणि शेजारच्या कणसावर बसलेला एक पोपट म्हणाला, 'गणू.'"

"आजोबा!"

"शपथ. त्या पोपटांनी दिवसभर शेजारच्या माळ्यांवर तेच ऐकलं होतं. मी तोवर सात पोरं करून आलो होतो."

"महादू पहिला होता ना?" कुमुद म्हणाली.

"त्या बाजूचा पहिला."

पहिल्या दिवशी नऊ झाली. दुसऱ्या दिवशी अकरा. त्यातला एक शेळ्यांमागं होता, दत्ता नावाचा. शेळी काय एका जागी ठरते? ती पुढं, दत्ता मागं, त्याच्या मागं मी प्रश्न विचारत. दोन मैल गेलो असू. मधेच दत्तानं कागद बांधावर ठेवला, तर पांढऱ्या शेळीनं सतरा ते चोवीस हे प्रश्न खाल्ले. मग तेवढे तोंडी घेतले.

"शेळीचे?" शलाका म्हणाली.

"दत्ताचे. शेळीचे घेतले असते तर जास्त आले असते."

आता ती खळखळून हसली. मला बरं वाटलं. पुण्याहून आलेला तिचा तो राखेसारखा चेहरा जरा निवळला होता. माणूस असा हसला की मला थांबता येत नाही. हा माझा जुना आजार आहे.

"आणि सोपान म्हणून एक होता, तो शेतातही नव्हता, घरीच होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न—"

"पौषात?" कुमुदनं विचारलं.

मी तिच्याकडं बघितलं. कुमुद शेंगेकडंच बघत होती.

"लग्न कुठं म्हटलं मी? मुलगी बघायचा कार्यक्रम. त्याला पौष कुठला आडवा येतो? तर मी सोपानला एका कोपऱ्यात बसवलं, चाचणी दिली. नवरदेव समोर पोहे खात बसलेला. तो म्हणाला, 'काय आहे, बघू तरी.' मी म्हटलं, घ्या. जास्तीचा कागद होता माझ्याकडं. सगळे पाहुणे बघतायत, आणि नवरदेव मान खाली घालून प्रश्न सोडवतोय. मी तिथल्या तिथं तपासले. सोपानला सव्वीस. नवरदेवाला नऊ. माजघराच्या दारात ती मुलगी उभी होती. तिनं आकडा ऐकला आणि हातातला पाण्याचा तांब्या घेऊन आत निघून गेली. ती बाहेर आलीच नाही."

"मोडलं?"

"मोडलं. त्या पोरीनं पुढं नर्सिंग केलं, असं ऐकलं मी."

"नर्सिंग मागच्या वर्षी केलं," कुमुद म्हणाली. "त्याआधी ती घरीच असायची."

शलाका हसत होती, पण हसता हसता तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. तिनं गुडघ्यावर हनुवटी टेकली.

"आजोबा, सहसंबंध किती आला होता? दोन्ही चाचण्यांचा?"

"शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव."

"चौऱ्याण्णव." तिनं तो आकडा नुसता हवेत धरून ठेवला. "माळ्यावर बसून, शेळीमागं पळत, पाहुण्यांच्या गर्दीत. आणि तरी चौऱ्याण्णव."

"चाचणीच तशी होती."

"माझा एकाहत्तर आहे. शांत वर्गात बसवून घेतलेली एक्केचाळीस मुलं, आणि एकाहत्तर." तिनं हनुवटी उचलली. "एक मुलगा पहिल्या वेळी सत्तावीस मार्कांचा, दुसऱ्या वेळी चौदा. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, आज पोट दुखतंय. एका मुलीनं अर्धा कागद कोराच दिला. सर म्हणतात, हे असं कसं?"

"अगं, मुलं ती—"

"नाही, बरोबर आहे तुमचं. मी काय केलं? शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारलं. चार पालकांना फोन लावले. दोघांनी उचलला नाही, एकानं राँग नंबर म्हणून ठेवला. चौथी बाई म्हणाली, आम्ही निफाडला आहोत, या इकडं. मी नाही गेले, आजोबा. एस.टी. स्टँडवर बसले, निफाडची गाडी समोरून गेली आणि मी उठलेच नाही. तुम्ही सत्तावीस पोरं शेतं तुडवून गाठलीत. तुमच्याकडं फोनसुद्धा नव्हता."

"काळ वेगळा होता."

"काळ नाही. मीच या कामाची नाही. इतके दिवस वाटत होतं की जमतच नाही कुणाला, सगळे काहीतरी करून आकडे भरत असणार. पण तुम्ही तर खरोखर केलंत." तिनं अर्ज उचलला, मांडीवर ठेवून त्याची घडी हातानं सरळ केली. "पेन आहे?"

माझ्या खिशाला पेन होतं. ते तिलाही दिसत होतं.

"गोष्ट तर संपू दे," मी म्हणालो. "शेवटची राहिली अजून."

"सांगा. ऐकते."

तिनं हात पुढं केला. मी पेन काढून दिलं. दुसरं काय करणार होतो? तिनं टोपण काढलं आणि कागदावर टेकवून ठेवलं, टोक सहीच्या जागेवर.

शेवटची म्हणजे कौसल्या लेंगरे. ही गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये, निरोपसमारंभात, जावयांच्या पंगतीत. आणि दर वेळी कौसल्येचं नाव निघालं की कुमुद चहा टाकायला उठते. इतक्या वर्षांची रीत. आज मी नाव घेतलं, जरा थांबलो, तिच्याकडं बघितलं. ती उठली नाही. शेंगा फोडायचं मात्र थांबलं होतं.

मग मी पुढं निघालो. शलाकाला कसंतरी वर ओढायचं होतं, म्हणून मी होतं नव्हतं तेवढं सगळं त्यात घातलं.

तिसऱ्या दिवसाची दुपार कलली होती. सव्वीस झाली होती. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, पायाला सुतळी बांधलेली. लेंगऱ्यांचं रान गावाच्या पार टोकाला, ओढ्याच्या कडेला. माळ्यावर कौसल्या एकटी. बारा-तेरा वर्षांची, तेल न लावलेल्या दोन वेण्या, अंगावर भावाचा सदरा. मी खालून म्हटलं, "बाळ, खाली येतेस का?" ती म्हणाली, "खाली आले तर पाखरं वर येत्याल." मग मीच वर गेलो. तिला कागद दिला. तिनं तो उलटासुलटा केला.

"सर, हे तर मागं लिहिलंय की मी."

"तेच पुन्हा लिहायचं."

"का?"

"बघायचंय, तू तीच आहेस का."

ती माझ्याकडं बघत राहिली. एवढ्या मोठ्या माणसाला हे कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं. "मी तीच हाय की," ती म्हणाली.

शलाकाचं पेन कागदावरून किंचित उचललं गेलं. मी ते बघितलं आणि मला जोर आला.

"आणि मग ती लिहायला बसली. तिला पाखरंही सोडायची नव्हती आणि प्रश्नही. डाव्या हातात गोफण, उजव्या हातात पेन्सिल. एक दगड मारायचा, एक उत्तर लिहायचं. एक दगड, एक उत्तर. चाळीस दगड, चाळीस उत्तरं. आणि मार्क किती? एकोणचाळीस! मागच्यापेक्षा एक जास्त. खाली उतरताना मी तिला—"

"उजव्या?" कुमुद म्हणाली.

"काय उजव्या?"

"उजव्या हातात पेन्सिल म्हणालात."

"हो. डाव्या हातात गोफण होती ना."

"मग उजव्या हातात पेन्सिल कशी असेल?" कुमुदनं सूप बाजूला सारलं. "डावखुरी होती ती."

शलाकानं वर बघितलं. आधी कुमुदकडं, मग माझ्याकडं. मी काहीतरी बोलणार होतो. गोफणीचं, वाऱ्याचं, काहीतरी. माझ्याजवळ नेहमी काहीतरी असतं.

"आजी, तुला कसं माहीत? तू कुरणवाडीला गेली होतीस?"

"नाही. मी कशाला जाते? मी पहिलीला शिकवत होते, नगरपालिकेच्या शाळेत." कुमुद हातांवरची टरफलं झटकत होती, सावकाश, एकेक बोट. "तिचा पहिला कागद बघितला होता. डावखुरं पोर लिहीत पुढं गेलं की त्याचा हात आपल्याच अक्षरांवरून फिरतो. पेन्सिलीचं काळं ओळीभर फरफटत उजवीकडं जातं. चाळीसच्या चाळीस ओळींवर तसं होतं. माझ्या वर्गात दर वर्षी अशी दोन-तीन असायची. कागद बघितला की पोराचा हात दिसतो मला."

"कुमुद," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा. तिच्या हातातलं पेन दिसत नाही का तुम्हाला?"

बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"कुरणवाडीहून हे पाचच्या गाडीनं घरी आले," कुमुद शलाकाला सांगू लागली. आवाज चढलेला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसा होता. "शेतात नाही गेले, ओढ्याला नाही गेले. वर्गात होती तेवढ्यांची चाचणी घेतली, फाट्यावर आले, गाडीत बसले. घरी येऊन कागद पलंगावर टाकले आणि म्हणाले, 'मी दमलोय.' एवढंच म्हणाले. मलाही दिसत होतं गं, दमलेत ते. वर्षभर बघत होते. मग पुढचे दोन रविवार आम्ही दोघं बसलो. हे उत्तरं सांगायचे, कुणाला एक वाढवायचा, कुणाचा एक कमी करायचा. लिहायची मी. प्रत्येकाचा पहिला कागद पुढ्यात ठेवून, तसं अक्षर काढून. सव्वीस झाले उजव्या हातानं."

तिनं आपला डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं बघितलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, सांधे सुजलेला हात.

"तिचा राहिला. तो डाव्या हातानं लिहिला मी. तसा डाग पडायला हवा होता ना. सबंध दुपार गेली. आणि लिहिताना सारखं वाटत होतं, ही पोर आहे कुठं? हे एकदा जाऊन बघून का येत नाहीत?"

शलाका माझ्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आजोबा, खरी किती होती?"

"पस्तीस," मी म्हणालो.

तिनं पेनाला टोपण लावलं.

"माझी एक्केचाळीस आहेत," ती म्हणाली.